घरची रांग

दवंडीला तिच्या खऱ्या नावानं घरात कुणी हाक मारत नसे. लहानपणी घरातली कुठलीही गोष्ट, मग ती आईची दाढदुखी असो की बाबांची हुकलेली बढती, तासाभरात अख्ख्या गल्लीला ठाऊक व्हायची, आणि ती कुणी पसरवली हे विचारावं लागायचं नाही. म्हणून काकांनी तिचं नाव दवंडी ठेवलं. पुढे याच गुणावर तिनं पोट भरायला सुरुवात केली तेव्हा काका म्हणाले, "बघा, मी आधीच सांगितलं होतं." त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना हे वाक्य कधीही म्हणायची मुभा असते.

तिचं काम प्रसिद्धीचं. ज्याला कुणी विचारत नाही त्याला सगळं जग विचारतंय असं दाखवायचं, आणि तेही असं की जगालाच लाज वाटून त्यानं विचारायला सुरुवात करावी. ऑफिस म्हणजे लाँड्रीच्या वरची एक खोली. खालून इस्त्रीची वाफ वर यायची, त्यामुळे तिथले सगळे कागद बाराही महिने थोडे मऊ असायचे. सध्या तिची मोठी गिऱ्हाइकं तीन होती: चित्रकथांचं एक जुनं प्रकाशन, टीव्हीवरचा एक विनोदवीर आणि इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डासाठी झटणारी एक संस्था. तिघांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. तिघांनाही फक्त आपलं नाव सगळ्यांत वर हवं असायचं.

या धंद्यातली सगळ्यांत मोठी भीती म्हणजे रिकामी रांग. लोक माणसाला बघायला येत नाहीत, रांगेला बघून येतात. पहिली दहा माणसं उभी राहिली की अकरावा आपोआप विचारतो, "काय आहे हो इथे?" प्रश्न त्या पहिल्या दहांचा असतो. बाकीचे प्रसिद्धीवाले ती भाड्यानं आणत. दवंडीकडे घरची होती.

आई, दादा, वहिनी, आत्या आणि काका. गेली सहा वर्षं ही मंडळी शहरातल्या प्रत्येक रांगेच्या तोंडाशी उभी होती. प्रत्येकाजवळ पिशवीत एक जादा स्वेटर असायचा, म्हणजे सकाळच्या कार्यक्रमाची माणसं संध्याकाळी वेगळी दिसावीत. वहिनीला वेळेवर रडता यायचं. एका गायकाला बघून ती अशी ढसाढसा रडली होती की तो बिचारा माइक ठेवून तिची समजूत काढायला खाली उतरला. आई विणकाम घेऊन यायची आणि शेजारच्या बाईच्या सुनेची चौकशी करत दोन तास आरामात काढायची. आत्याला पाचव्या मिनिटाला चक्कर यायची, पण तीही कामाला यायची, कारण गर्दीत कुणाला तरी चक्कर आली की बातमी हमखास छापून येते.

आणि काका. काका म्हणजे या रांगेचा कणा. तीस वर्षं त्यांनी वीजखात्यात मीटर-रीडर म्हणून काढली होती, लोकांच्या जिन्यांखाली वाकून, टॉर्च दातांत धरून. उभं राहणं त्यांना कधी जड गेलं नाही. पण निवृत्त झाल्यावर घरात बसून ते इतके कावले की स्वयंपाकघरातल्या घड्याळाची आणि बाहेरच्या घड्याळाची वेळ दिवसातून चारदा पडताळून बघायला लागले. रांगेनं त्यांना सोडवलं. ते काम मन लावून करत. मुलींच्या नाचगाण्याच्या पथकासाठी उभं राहायचं होतं तेव्हा त्यांनी पाचही मुलींची नावं आणि वाढदिवस पाठ केले होते. रक्तदानाच्या रांगेत उभे राहिले तर रक्त देऊनच यायचे. एकदा पंधरा दिवसांत दुसऱ्या शिबिरात पोचले तेव्हा डॉक्टरांनी ओरडून परत पाठवलं.

तर अशी सगळी घडी नीट बसलेली असताना तो चित्रकार मध्ये आला.

वीस वर्षांपूर्वी या चित्रकाराची 'कप्तान कासव' ही चित्रकथा दर महिन्याला निघायची. कासव हा जगातला सर्वांत सावकाश महानायक. एका इमारतीच्या जिन्याखाली राहायचा. संकटाची हाक आली की निघायचा, आणि पोचेपर्यंत खलनायक पळून गेलेला असायचा. मग कासव तिथेच थांबून फुटलेल्या काचा गोळा करायचा, रडणाऱ्या पोरांना घरी सोडायचा, सगळं आवरूनच परतायचा. नव्व्याण्णव अंक निघाले आणि चित्रकारानं एक दिवस पेन खाली ठेवलं ते ठेवलंच.

आता प्रकाशकाला शंभरावा अंक हवा होता. त्याची सगळी विक्री मुलांच्या वॉर्डासाठी द्यायचं ठरलं, त्यामुळे संस्थेच्या डॉक्टरीणबाई खूश. समारंभाला सूत्रधार म्हणून विनोदवीर. तोही खूश, कारण दान करताना माणूस टीव्हीवर बरा दिसतो. तीन गिऱ्हाइकं एका दगडात, म्हणून दवंडी तर हवेतच होती. फक्त चित्रकार 'हो' म्हणायचा राहिला होता.

ती त्याच्या घरी गेली. म्हातारा एकटाच राहायचा. टेबलावर वर्तमानपत्रांचा ढीग, आणि प्रत्येक पानावरच्या फोटोंशेजारी पेन्सिलीनं काढलेले चेहरे.

"हात गंजू नये म्हणून काढतो," तो म्हणाला. "बसा. सांगा, कितीशे लोक आणणार आहात?"

"आणायचे कशाला? येतील की."

"नव्व्याण्णवाव्या अंकाला असंच सांगितलं होतं. दीडशे माणसं होती रांगेत. पहिल्याच माणसाला मी विचारलं, तुम्हाला कासवाची कुठली गोष्ट आवडली? तो म्हणाला, सगळ्याच, विशेषतः तो उडतो ती. बाई, माझा कासव आयुष्यात कधी उडला नाही. मग दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळे भाड्याचे. कुठल्याशा कारखान्यातून गाडी भरून आणले होते. मी आठ वर्षं कुणासाठी काढत होतो?"

दवंडीनं मान खाली घातली. कारखान्याची कल्पना तिच्या धंद्यातल्याच कुणाची तरी असणार होती.

"माझी एकच अट," चित्रकार म्हणाला. "आधी जुन्या अंकांवर सह्या द्यायचा एक कार्यक्रम ठेवा, पण आणलेली रांग नको. तीनच आले तर तीन. त्यांतला एक जरी खरा वाचक निघाला तरी मी शंभरावा अंक काढीन. नाही निघाला तर पुन्हा माझा जिना चढू नका."

"शब्द देते," दवंडी म्हणाली. आणि सांगायला हवं की तो देताना ती अगदी मनापासून बोलत होती.

नव्व्याण्णव अंकांचा गठ्ठा तिनं प्रकाशकाकडून घरी आणला. त्यातले चार वाचले, बाकीच्यांची मुखपृष्ठं बघितली आणि प्रसिद्धीपत्रक लिहून टाकलं. या धंद्यात तेवढं वाचन पुष्कळ झालं. घरी तिनं सांगितलं, "या वेळी कुणीही यायचं नाही." आईला हायसं वाटलं. वहिनी म्हणाली, "मग मी त्या दिवशी रडू कुठे?" काकांचा चेहरा मात्र पडला. महिनाभर एकही रांग नव्हती. दोन दिवस त्यांनी घड्याळं पडताळली, आणि तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कासवाचा पहिला अंक उघडून बसले.

तीन आठवडे ते उठलेच नाहीत. चष्मा कपाळावर, नाक पानाला टेकलेलं, हातात आपली जुनी खिशातली डायरी. मध्येच काहीतरी टिपून घ्यायचे, मागचा अंक पुन्हा उघडायचे, मान हलवायचे.

"दवंडी, एक बारीक शंका आहे," एका सकाळी ते म्हणाले.

"काका, शंका नंतर. मला पोस्टरवर कुणाचं नाव कुठे घालायचं ते ठरवायचंय." विनोदवीराला स्वतःचं नाव कासवाच्या वर हवं होतं, आणि डॉक्टरीणबाईंना विनोदवीराच्या वर वॉर्डाचं. काका डायरी मिटून परत वाचायला लागले.

सह्यांचा कार्यक्रम बुधवारी सकाळी अकराला ठेवला होता. तारीख तिनं फार विचार करून निवडली होती. शाळांना सुट्टी, सकाळची वेळ, मुलांना आईवडिलांबरोबर येता येईल. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, समोर टेबल, टेबलावर पेनं, भिंतीवर छापून आणलेला माणसाएवढा कासव. पावणेअकराला चित्रकार येऊन बसला. इस्त्री केलेला शर्ट घातला होता त्यानं, आणि केस पाणी लावून बसवले होते. हॉलमध्ये मात्र चारच माणसं होती. एक जण स्वच्छतागृह शोधत होता. दोन आजोबा रोज इथेच पेपर वाचायला बसत. चौथा छायाचित्रकार, तो पेपरातून आला होता.

अकराला दहा कमी. अकराला पाच कमी. विनोदवीर म्हणाला, "मॅडम, मी रिकाम्या खुर्च्यांवरही विनोद करू शकतो, पण मग त्या हसल्या पाहिजेत." चित्रकार पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. दाराकडे बघायचं टाळत होता, आणि त्यामुळेच तो सारखा दाराकडे बघतोय हे सगळ्यांना कळत होतं.

दवंडी जिन्यात गेली. फोन हातात घेतला, परत पर्समध्ये टाकला, परत काढला. तिनं शब्द दिला होता. पण तो म्हातारा अंगावर इस्त्रीचा शर्ट घालून रिकाम्या हॉलसमोर बसला होता, आणि हे बघवत नव्हतं. तिनं घरी फोन लावला. "या," एवढंच म्हणाली.

पंधरा मिनिटांत एका टॅक्सीतून पाच जण उतरले. काकांना कपडे बदलायला वेळच मिळाला नव्हता. तोच नेहमीचा निळा स्वेटर. वहिनी जिना चढताना विचारत होती, "ताई, हा कोण? गायक का? रडायचं ना?"

"रडायचं नाही! कासव उडत नाही एवढं लक्षात ठेवा सगळे."

रांग लागली. दोन आजोबा पेपर खाली ठेवून तिच्यामागे येऊन उभे राहिले, स्वच्छतागृहवालासुद्धा थांबला. अकराव्याचं तत्त्व म्हणतात ते हेच. चित्रकाराच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यानं टोपण काढलं, बाजूला ठेवलं आणि हसून पहिल्या माणसाकडे बघितलं.

पहिले काका होते.

चित्रकाराचं हसू तिथंच राहिलं. त्यानं काकांचा चेहरा बघितला, स्वेटर बघितला. मग पायाशी ठेवलेल्या झोळीतून आपली चित्रांची वही काढली आणि पानं उलटायला लागला.

"या माणसाला मी अकरा वेळा काढलंय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पेपरातल्या फोटोंवरून. हा बघा, रक्तदान करताना. हा नाचणाऱ्या मुलींच्या पथकासमोर. हा या विनोदवीरासमोर, पोट धरून हसताना." त्यानं पान उलटलं. "या ताई. गायकासमोर रडताना, आणि इथे मॅरेथॉनच्या पहिल्या ओळीत. या बाईंना चक्कर आली आहे. दोन वेळा. आणि या आजी." तो आईकडे वळला. "यांचं विणकाम चार महिन्यांत दीड इंच पुढे गेलंय."

"लोकर मिळत नव्हती हो त्या रंगाची," आई म्हणाली.

छायाचित्रकाराला हसू आवरेना. विनोदवीरानं वातावरण हलकं करायला म्हणून एक विनोद केला, आणि तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत वाईट विनोद होता. डॉक्टरीणबाई दवंडीकडे अशा बघत होत्या की वॉर्डात दाखल व्हायची पाळी आता तिचीच. दवंडीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. जमीन वाचनालयाची होती, भक्कम होती.

चित्रकारानं पेनाला टोपण लावलं. "शब्द दिला होता तुम्ही, बाई." तो उठला.

"थांबा," काका म्हणाले.

"तुमची सही मिळणार नाही."

"सही कुणाला हवीय? मला शंका आहे. तीन आठवडे विचारतोय, घरात कुणी ऐकून घेत नाही." काकांनी डायरी काढली, चष्मा खाली घेतला. त्यांचा आवाज एकदम खात्यातला झाला. "कासव राहतो त्या जिन्याखाली एक विजेचा मीटर आहे. प्रत्येक अंकात कुठल्यातरी कोपऱ्यात दिसतो. आकडे मुंगीएवढे, पण नीट काढलेत. दर अंकाला पुढे जातात, साठ-पासष्ट युनिटं. बरोबर?"

चित्रकार उभाच राहिला.

"चौसष्टाव्या अंकात चार हजार दोनशे सतरा. पासष्टाव्यात चार हजार दोनशे सतरा. सहासष्टाव्यात तेच. आधी मला वाटलं, तुमची चूक. पण तुम्ही चुकणारे दिसत नाही. मीटर असा थांबला तर दोनच कारणं असतात. एक तर तो बिघडलाय. पण बिघडला असता तर नवा बसवला असता आणि आकडा शून्यापासून सुरू झाला असता. तो तिथूनच पुढे चाललाय. दुसरं कारण, घराला कुलूप." काकांनी डायरीचं पान उलटलं आणि ते जरा अडखळले. "आणि सदुसष्टाव्यापासून महिन्याला वीस-बावीसच युनिटं. थेट नव्व्याण्णवपर्यंत. असं रीडिंग मी पुष्कळ घरांत घेतलंय. म्हणून विचारायचं होतं. घरातलं कुणी गेलं का हो तुमच्या?"

आईच्या सुया थांबल्या.

चित्रकार खुर्चीत बसला. "माझ्याच घरचा मीटर," तो म्हणाला. "अंक पुरा झाला की खाली जाऊन बघायचो आणि तोच आकडा टाकायचो. बायकोला दाखवायचो. ती म्हणायची, हे कोण बघणार आहे? मी म्हणायचो, एखादा बघेल." त्यानं पेन हातात फिरवलं. "चौसष्टाव्या अंकानंतर आम्ही इस्पितळातच होतो. ते दोन अंक मी तिच्या खाटेजवळ बसून काढले. घरी आकडा बघायला जायची गरजच नव्हती. दिवा लावायला घरी कुणी नव्हतं."

काकांनी डायरी मिटली. "आमच्यात अशा वेळी 'कुलूप' असा शेरा मारून पुढे जायची पद्धत आहे," ते म्हणाले. "विचारत नाही आम्ही कुणी. विचारायला हवं होतं."

वहिनी रडायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दवंडी भिंतीला टेकून उभी होती. नव्व्याण्णवातले चार अंक वाचलेत आपण, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं, आणि तिला स्वतःची खरोखर लाज वाटली. ती टेबलाशी गेली. "रांग मीच बोलावली," ती म्हणाली. "भाड्याची नाही, घरची आहे. पण बोलावलेली आहे. चूक माझी."

"ती तर आहेच," चित्रकार म्हणाला. त्यानं शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि काकांना म्हणाला, "बसा. एकोणतिसाव्या अंकात मी मुद्दाम एक आकडा उलटा काढला होता. सापडला का?"

"सापडला म्हणजे काय! दोन दिवस झोप नव्हती मला."

दोघं असे बोलत बसले की बाकीच्यांना काही कामच उरलं नाही. विनोदवीरानं आजोबांचा पेपर वाचायला घेतला. एक वाजून दहा मिनिटांनी दारात धावत एक माणूस आला. तिशीचा, घामाघूम, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. त्याच्या मागे आणखी एक बाई, तशीच ओळखपत्रवाली. मग आणखी सात-आठ.

"संपलं का?" त्यानं धापा टाकत विचारलं. "जेवणाच्या सुट्टीत आलोय. बुधवारी अकराला कोण ठेवतं हो असलं काही?"

तेव्हा कुठे दवंडीच्या डोक्यात प्रकाश पडला. कासवाचे वाचक तिच्या हिशेबात अजून दहा वर्षांचेच होते. वीस वर्षांत पोरं वाढतात हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि तिनं शाळेची सुट्टी बघून तारीख धरली होती. पोरं बिचारी ऑफिसात बसून घड्याळाकडे बघत होती.

चित्रकारानं त्या घामाघूम माणसाला विचारलं, "कुठली गोष्ट आवडली?"

"ती, ज्यात तो पोचतो तेव्हा सगळे निघून गेलेले असतात आणि तो एकटाच खुर्च्या आवरतो ती," तो माणूस म्हणाला. चित्रकारानं काकांकडे बघितलं, काका म्हणाले, "एक्केचाळिसावा अंक," आणि सह्या सुरू झाल्या.

शंभरावा अंक चार महिन्यांनी निघाला. मधल्या काळात काका दर पहिल्या तारखेला चित्रकाराच्या घरी जायचे. आता त्याच्या घरचा मीटर नव्या पद्धतीचा होता, आकडे आपोआप उजळणारे. काकांना तो मुळीच पसंत नव्हता. तरी ते टॉर्च घेऊन जायचे, रीडिंग घ्यायचे, वर जाऊन चहा प्यायचे. शेवटच्या महिन्यात पस्तीस युनिटं झाली. "रात्री बसून काम चाललंय माझं," चित्रकार म्हणाला. काकांनी ते डायरीत लिहून घेतलं.

समारंभ या वेळी रविवारी संध्याकाळी सहाला. रांग हॉलमधून जिन्यावर, जिन्यावरून फाटकापर्यंत. कुणालाही बोलावलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी वॉर्डासाठी वेगळे गठ्ठे बांधून घेतले. विनोदवीराला कळत नव्हतं की आपल्याकडे कुणीच का बघत नाही. अंकाच्या शेवटच्या पानावर कासव दमून आपल्या जिन्याखाली परत येतो, तर तिथे निळा स्वेटर घातलेला एक म्हातारा टॉर्च दातांत धरून मीटर वाचत असतो. तो मागे वळून म्हणतो, "आलात का? मला वाटलं कुलूप आहे." बस, एवढंच. वहिनीचं म्हणणं होतं की रडणारी एक बाई मागे काढायला काय हरकत होती.

दवंडी काकांना शोधत खाली आली. ते फाटकाशी होते, रांगेच्या अगदी शेवटी, बगलेत अंक घेऊन.

"काका, तुम्ही इथे काय करताय? वर चला, तुमची खुर्ची ठेवलीय त्यांनी. चला, मी पुढून नेते तुम्हाला."

"हात सोड," काका म्हणाले. "सहा वर्षं तुझ्यासाठी पुढे उभा राहिलो. आज मी कामावर नाही."

मग दवंडीनं पर्स काखेत घट्ट धरली, समोरच्या दुकानात जाऊन एक अंक विकत आणला आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. रांग सावकाश पुढे सरकत होती. तिनं पहिलं पान उघडलं आणि कोपऱ्यातला मीटर शोधायला लागली.